भोंगाकाकूंची साखरझोप

काकूंचा आवाज कानात शिरत नसे, थेट हाडात शिरत असे. राहायच्या तळमजल्यावर, पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाला हाक मारायची तर जिना चढायची त्यांना गरज पडायची नाही. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव भोंगाकाकू ठेवलं, तेव्हा पोरांच्या आया ओशाळल्या. काकू मात्र खूश झाल्या. "खोटं काय आहे त्यात? लाँड्रीत मशीन धडधडत असतं. तिथं कुजबुजून कोण ऐकतंय?"

लाँड्री म्हणजे हॉस्पिटलची. लग्न झाल्या झाल्या काकू तिथं इस्त्रीवर लागल्या, त्या आता सकाळच्या पाळीच्या मुख्य होत्या. वॉर्डातल्या चादरी उजाडल्यावर बदलतात, म्हणजे धुण्याचा पहिला घाणा त्याआधी निघायला हवा, म्हणजे काकूंनी चारला उठायलाच हवं. थंडी असो, ताप असो, घरात पाहुणे असोत. देशाला सुट्टी असली तरी काकूंना नसायची. "आजारी माणूस काय झेंडा बघून बरा होतो?" असं त्या म्हणायच्या आणि निघायच्या.

इतकी वर्षं चादरींत काढल्यावर हातांना खोडच लागली होती. चार कोपरे असलेली कुठलीही वस्तू दिसली की काकू तिची घडी घालायच्या. पेपर, टॉवेल, बसचं तिकीट. एकदा पाहुणे हात पुसत होते, तर त्यांच्या हातातला रुमाल काढून घेऊन काकूंनी घडी करून त्यांच्यासमोर ठेवला. पाहुणे बिचारे ओले हात घेऊन बसले.

आणि झोप? संध्याकाळचं जेवण झालं की काकूंचा दिवा मालवायचा. बोलता बोलता, वाक्याच्या मध्येच. "उद्या येताना जरा त्या कोपऱ्यावरच्या..." एवढं म्हणून त्या घोरायला लागायच्या. कोपऱ्यावरच्या कोणाचं काय, ते काकांनी ओळखायचं. काका बहुतेक वेळा बरोबर ओळखायचे.

काकांचं सगळं उलटं. ते सिनेमा थिएटरात ऑपरेटर होते. शेवटचा खेळ संपवून, मशीन पुसून घरी यायचे तेव्हा काकूंची निम्मी झोप झालेली असायची, आणि काकू उठायच्या तेव्हा काकांचा नुकता डोळा लागलेला असायचा. संसार झाला तो दुपारी दोन-तीन तासांत. सुट्टीच्या दिवशी थिएटरला गर्दी दुप्पट, त्यामुळे काकांच्या नशिबीही राष्ट्रीय सुट्टी कधी आली नाही. आता ते निवृत्त झाले होते, पण एवढ्या वर्षांचं वळण निवृत्त होत नाही. रात्री तीन वाजल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही आणि सकाळी दहाच्या आत कोणी उठवलं तर ते दिवसभर सुतक आल्यासारखे वावरायचे.

काकू निघताना इमारतीला उठवून जायच्या. हे सुरू झालं एकाच माणसापासून. दुसऱ्या मजल्यावर बसचा ड्रायव्हर राहायचा. त्याला पहिली बस काढायची असे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दोनदा उशीर झाला, तेव्हा तो काकूंना म्हणाला, "काकू, जाताना एक हाक मारत जा ना." झालं. मग एकेक करून सगळ्यांनी आपापली घड्याळं मुलांना खेळायला दिली. ड्रायव्हरला उठवायचं तर किल्लीनं जिन्याचा लोखंडी कठडा वाजवून "बस निघालीऽ!" म्हणायचं. तो अंथरुणातून ताडकन उठायचा आणि पाय आपोआप क्लच शोधायचे.

खरा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाईंचा होता. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या, रात्री उशिरापर्यंत वह्या तपासायच्या. बाई झोपेत उत्तर द्यायच्या. तेही कसं, स्पष्ट, शुद्ध, पूर्ण वाक्यात. "बाई, उठलात का?" म्हटलं की आतून यायचं, "हो, उठले. तुम्ही निघा." पहिल्या वेळी काकू फसल्या. शाळा भरली, प्रार्थना झाली, आणि बाई घरी डाराडूर. तेव्हापासून काकू "उठले" या शब्दावर विश्वास ठेवायच्या नाहीत. वर जाऊन बाईंच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि नळाला पाणी सुटल्याचा आवाज आला, की मगच जिना उतरायच्या.

तर एके वर्षी असं झालं, की हॉस्पिटलचा बॉयलर दुरुस्तीला काढायचा होता आणि त्यासाठी नेमका राष्ट्रीय सुट्टीचा दिवस ठरला. साहेब काकूंना म्हणाले, "उद्या येऊ नका. वाफच नाही."

"आणि चादरी?"

"दोन दिवसांच्या आजच काढल्यात ना तुम्ही. घरी झोपा."

काकूंना वाटलं, आपल्याला काढूनच टाकलं. घरी आल्या त्या तोंड पाडून. काका मात्र हरखले. "अगं, सुट्टी म्हणतात याला! लोक वाट बघतात. उद्या तू उठायचं नाहीस. पलंगावर ऊन येईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. शब्द दे."

"मला नाही येत तसं झोपता."

"न यायला काय झालं? झोपायला काय परीक्षा द्यावी लागते? पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात, ती काय उगाच? साठी जवळ आली, एकदा तरी चाखून बघ."

काकूंनी शब्द दिला. मग संध्याकाळी जिन्यात उभं राहून त्यांनी इमारतीला जाहीर केलं, "उद्या मी झोपणार आहे! ज्याचं त्यानं बघा!" ज्यांना सुट्टी होती त्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरला ड्यूटी होती, पण तो म्हणाला, "काकू, तुम्ही बिनधास्त झोपा." हेडबाईंना शाळेत सकाळी झेंडावंदन होतं. त्या हसल्या. "मी काय लहान आहे? घड्याळ लावते." घड्याळ त्यांनी लावलंही. फक्त ते इतकी वर्षं बंद पडलेलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

काकू जेवल्या आणि झोपल्या. काकांनी ठरवलं, आपण दारापाशी खुर्ची टाकून बसायचं. ही सवयीनं उठायला लागली तर अडवायचं. रात्रभर जागरण म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ.

चारला काकूंचे डोळे टक्क उघडले. उघडले तर उघडले, त्यांनी परत मिटले. या कुशीवर वळल्या, त्या कुशीवर वळल्या. उशीच्या अभ्र्याची उशीसकट घडी घालून पाहिली. साखर सोडा, गुळाचा खडासुद्धा लागेना. खुर्चीत काका होते. पहारेकऱ्याची मान छातीवर पडली होती आणि तोंड उघडं होतं.

थोड्या वेळानं जिन्यावरून कोणीतरी मांजराच्या पावलानं उतरायला लागलं. ड्रायव्हर! बूट हातात घेऊन, एकेक पायरी चाचपत. काकूंना बरं वाटलं. तेवढ्यात त्याच्या हातातला एक बूट सुटला आणि धडाधडा गडगडत त्यांच्या दारावर येऊन आदळला. मग दाराच्या फटीतून ड्रायव्हरचा दबका आवाज आला, "काकू, झोपा, झोपा! मी उठलोय बरं का! काळजी करू नका, झोपा!"

त्याला चार शब्द सुनवायचे काकूंच्या अगदी ओठावर आले होते. पण आपण झोपलोय, मग बोलणार कशा? त्यांनी पांघरुणाचं टोक तोंडात धरलं. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला येत नाही, असं म्हणतात. सोंग घेणाऱ्याचे हाल किती होतात, ते मात्र कोणी सांगत नाही.

खिडकी राखाडी झाली. मग पांढरी झाली. काकूंचे कान तिसऱ्या मजल्याच्या नळाकडे लागले होते. नळ गप्प. पहिल्या मजल्याचा वाजला, चौथ्याचा वाजला, तिसऱ्याचा नाही. शाळेच्या मैदानात आता पोरं जमत असतील. झेंडा दांड्यापाशी तयार, पाहुणे यायच्या बेतात, आणि दोरी ओढणारी बाई...

"अहो," काकू म्हणाल्या. "अहो, उठा."

काका दचकून उठले आणि सवयीनं म्हणाले, "रीळ बदललं."

"कसलं रीळ! हेडबाई उठलेल्या नाहीत. जा, उठवा त्यांना. माझा पाय जमिनीला लागायचा नाही ना? मग तुमचा लावा."

काका डोळे चोळत तीन मजले चढले. सात वाजताचा उजेड त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. पाहुण्याच्या घरी गेल्यासारखी त्यांनी दारावर हलकी टकटक केली. "बाई, उठलात का?"

"हो, उठले. तुम्ही निघा."

काका खाली आले. "उठल्यात."

"पाणी वाजलं?"

"कसलं पाणी? छान बोलल्या. मला 'तुम्ही निघा' पण म्हणाल्या."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, त्या झोपेत बोलतात! नळ वाजेपर्यंत हलायचं नाही तिथून!"

काका पुन्हा चढले. पुन्हा टकटक केली, पुन्हा शुद्ध भाषेत उत्तर मिळालं. आता नळ वाजेपर्यंत थांबायचं म्हणून ते पायरीवर बसले. रात्रभरचं जागरण, वर दोनदा तीन मजले. पायरी गार, भिंत टेकायला सोयीची. काकांचाही डोळा लागला.

खाली काकू वाट पाहतायत. नळ नाही, नवरा नाही. गेला कुठे हा माणूस? जावं का उठून? पण शब्द दिला होता, आणि काकू शब्दाच्या पक्क्या. मग त्यांच्या मनात आलं, शब्द दिला तो पायाचा. तोंडाचं काही ठरलेलं नव्हतं.

त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या छाती भरून घेतली.

"हेडबाईऽऽऽ! झेंडाऽऽऽ!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. चौथ्या मजल्यावरचं तान्हं रडायला लागलं. ज्यांनी कालच सुट्टीच्या टाळ्या वाजवल्या होत्या, ते सगळे अंथरुणात उठून बसले. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ गॅलरीत दात घासत होते. झेंडा म्हटल्यावर ते तोंडात ब्रश तसाच ठेवून ताठ उभे राहिले. आणि तिसऱ्या मजल्यावर धो धो पाणी सुटलं.

पुढं जिन्यावर वादळ आलं. ओले केस, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात भाषणाचा कागद अशा हेडबाई दार उघडून धावल्या आणि पायरीवर झोपलेल्या काकांवरून उडी मारून गेल्या. काकांना जाग आली तेव्हा त्यांना फक्त टाचा दिसल्या. "उठल्या वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले आणि खाली आले.

बघतात तर काकू झोपलेल्या. सोंग नव्हे. हात उशीखाली, तोंडावर लहान मुलीसारखा सुस्तावलेपणा, आणि घोरणं नेहमीच्या मानानं कितीतरी हलकं. सगळे उठले, आता आपल्यावर कोणाची जबाबदारी नाही, हे एकदा शरीराला पटलं असावं. इमारतीतले दोघे-तिघे "आमच्या झोपेचं खोबरं केलं" म्हणून भांडायला आले होते. काकांनी ओठावर बोट ठेवलं. भांडायला आलेल्यांनी आत डोकावून पाहिलं आणि ते गुपचूप परत गेले. पलंगावर ऊन आलं, पायथ्यापासून उशीपर्यंत सरकलं आणि निघूनही गेलं. काकांनी तीनदा चहा केला आणि तीनदा एकट्यानं प्यायला.

दुपारी काकू धडपडून उठल्या. "चादरी! किती वाजले? अहो, घाणा राहिला!"

"नाही राहिला. सुट्टी आहे आज."

काकू पलंगाच्या काठावर बसून राहिल्या. खिडकीतला उजेड त्यांना ओळखीचा वाटेना. मग म्हणाल्या, "तोंड गोड झाल्यासारखं वाटतंय."

"म्हटलं नव्हतं?"

हेडबाई परत आल्या त्या हसतच. मुख्य पाहुणे त्यांच्याहूनही उशिरा आले होते. झेंडा वेळेवरच चढला, असं सगळ्यांचं मत पडलं. "फक्त केसांतलं पाणी भाषणावर गळत होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून भाषण आटोपतं घेतलं. पोरांनी इतक्या टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या."

त्या गेल्या. दोघंही जागे, दोघंही रिकामे, आणि संध्याकाळ अख्खी पडलेली. आता काय करायचं, हे दोघांनाही कळेना. काकूंनी टेबलावरचं कापड घडी करून पाहिलं आणि परत पसरलं.

"सिनेमाला येतेस?" काका म्हणाले. "शेजारी बसून कधी पाहिलाच नाही आपण. मी कायम मशीनपाशी."

काकूंनी कपाटातलं ठेवणीतलं लुगडं काढलं. थिएटरात त्या काकांच्या शेजारी ताठ बसल्या. पोटभर झोप झालेली, डोळे लख्ख. पडद्यावरच्या नायकाला "अरे, मागे बघ!" म्हणून त्यांनी इतक्या मोठ्यांदा बजावलं, की पुढच्या तीन रांगांनी मागे वळून पाहिलं. अर्धा सिनेमा झाला आणि काकांची मान त्यांच्या खांद्यावर आली. रात्रीचं जागरण, जिने, पायरी, सगळं एकदम भरून आलं होतं.

सिनेमा संपला. दिवे लागले, लोक गेले. झाडूवाली बाई रांगा झाडत झाडत त्यांच्यापर्यंत आली आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाली, "उठवा की त्यांना."

काकूंनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि त्यांच्या गळ्यातून अगदी बारीक, कुजबुजता आवाज निघाला. असला आवाज आपल्याकडे आहे, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"अगं, आधी पलीकडची रांग झाडून घे ना."