उंच सायकलीचा संशय

आमचे हे, पाळी गावचे शिवदास. दूध हातावर ओतून बघितल्याशिवाय घेत नाहीत, आणि देवळात चपला पिशवीत घालून आत नेतात. माणूस वाईट नाही. विश्वास तेवढा कुणावर नाही.

माझा धाकटा भाऊ रुद्रेश मांद्र्याला पर्यटकांना सायकली भाड्याने देतो. त्याने दोन जुन्या विकायला काढल्या. एकाच कंपनीच्या, एक उंच, एक बुटकी. "भावोजी, तुम्हाला बुटकी बरी," तो म्हणाला. झालं! बुटकी खपत नसणार, म्हणून आमच्या गळ्यात. ह्यांनी उंच उचलली. त्याच भावात लोखंड जास्त!

साखळी गावच्या बाजारात नारळ न्यायला लागले, तर मागे दोन पोती चढवली की सायकल मधल्या मध्ये पिळायची. हँडल एकीकडे, पोती दुसरीकडे.

"फ्रेम मोडकी आहे. सांधून वर रंग मारलाय तुझ्या भावाने."

"तो असं करायचा नाही."

"तू गप गे, चोराची बहीण!"

ते मला लागलं. वर फर्मान निघालं, यंदा गणपतीच्या चवथीला तुझ्या माहेरी जायचं नाही.

मी गुरवाला देवाच्या मूर्तीवर कळ्या चिकटवून प्रसाद, म्हणजे कौल, लावायला सांगितला. फसवलं असेल तर उजवी कळी दे, नसेल तर डावी. डावी पडली. मी हात जोडले. हे कुजबुजले, "गुरवाची सासुरवाडी मांद्र्याची."

मग फ्रेमचा सगळा रंग खरवडला. कुठे सांधा नाही, चीर नाही. तरी सायकल आणि पोती टेंपोत घालून मांद्रे गाठलं. भांडण सोडवायला मीही गेले.

रुद्रेशने तीच पोती बुटकीवर चढवली. ह्यांनी चालवली. ताठ!

"बघ, चांगली घरात ठेवलीस!" हे त्याच्यावर उसळले.

"भावोजी, पाइप दोन्हींचे सारख्याच जाडीचे. उंच सायकलीचे लांब, म्हणून ओझ्याने लवतात."

ह्यांनी दोन्हींचे पाइप सुतळीने मापले. मापात लबाडी नव्हती.

"सुपारी काढायची काठी लांब झाली की डोलते," मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही कुणाला चोर म्हणता?"

ह्यांनी उंच सायकल भिंतीला टेकवली. मग "बुटकी दे" म्हणाले. तिला उलटी करून एकेक सांधा दगडाने वाजवून बघितला. आणि माझ्याकडे न बघता रुद्रेशच्या बायकोला म्हणाले, "चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे नारळ मी घेऊन येतो. बाजारातले घेऊ नका. कुजके देतात."