चिकटमावशीचं कार्ड

खोक्यांच्या कारखान्यात तिला चिकटमावशी म्हणत. तिच्या हातचं खोकं पाण्यात भिजलं तरी सांध्यात सुटत नसे, म्हणून ते नाव. घरच्यांना मात्र त्याचा दुसरा अर्थच जास्त पटे, कारण कौतुकाचा शब्द खर्च करायला ती पैशापेक्षाही चिकट होती. सून घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण "भाजी बरी झालीय" यापुढे सासूची मजल कधी गेली नव्हती.

आता सून पेचात सापडली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात नमुने बेतून कापायची. मालकांनी दूरच्या शहरात नवा कारखाना काढला होता आणि तिथलं काम बसवायला वर्षभरासाठी तिलाच बोलावलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. पण सहा वर्षांच्या लेकीला सांभाळणार कोण? नवऱ्याने "आईला विचार" म्हणून नेहमीसारखं अंग काढून घेतलं, आणि आईला विचारायची तिची काही छाती होईना. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तर भिंतीपलीकडे सासूच बसली होती.

म्हातारीने सगळं ऐकलं. सुनेने जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आपण जन्मभर गावोगावी जाणारी खोकी चिकटवली, पण स्वतः त्या टेबलापासून हललो नाही, हे तिला कधीपासून सलत होतं. पण चांगलं बोलायला जावं आणि तोंडातून वाकडंच बाहेर पडावं, ही जन्माची खोड. तेव्हा रविवारी सुनेचा वाढदिवस आहे, तर काय ते हातानेच सांगावं, असं तिने ठरवलं.

तिचा नवरा हयात असताना एका ऑफिसात शिपाई होता. परदेशी पाकिटांवरची पोस्टाची तिकिटं तो कापून आणायचा, तो डबा अजून कपाटात होता. तिने तिकिटं बशीभर पाण्यात सोडली, पाठचा कागद सुटला तशी उलटी करून वर्तमानपत्रावर वाळवली. मग जाड निळ्या कागदाची घडी घातली. वरच्या पानावर तिकिटांची आगगाडी केली: पुढे इंजिन, मागच्या डब्यांत कुठकुठले राजे-राण्या गुमान बसलेले. वर एक विमान, खाली एक जहाज. कोपऱ्यात खाकी कागदाची बॅग, तिला दोऱ्याची मूठ आणि वर सुनेचं नाव. आतल्या पानावर बराच वेळ पेन चावून तिने चार ओळी लिहिल्या. शेवटी खळीचा हात फिरवला आणि वर पिठाचा डबा ठेवून दिला.

रविवारी सुनेने कार्ड हातात घेतलं. गाडी पाहिली, बॅग पाहिली, बॅगेवरचं स्वतःचं नाव पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. लेकी बोले सुने लागे, एवढाही आडपडदा इथे ठेवलेला नव्हता.

"आई, मी नकोशी झाले असेन तर तोंडाने सांगायचं होतं," ती हळूच म्हणाली. "एवढा खटाटोप कशाला?"

म्हातारी गडबडली. आधी उघड तरी, म्हणाली. सून उघडायला गेली तर कार्ड उघडेना. म्हातारीने ते ओढून घेतलं, कडेवरून नख फिरवलं आणि कपाळाला हात लावला. एकीकडे घडी, आणि उरलेल्या तिन्ही कडा घट्ट चिकटलेल्या. कड दिसली की खळ लावायची, अशी जन्मभराची सवय. मन चार ओळींत गुंतलेलं असताना हाताने आपलं काम चोख बजावलं होतं. मुलगा सुरी आणायला उठला, तिने त्याला खाली बसवलं. कागद फाटेल, पण सांधा सुटणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आत काय लिहिलंय?" सुनेने विचारलं.

आता पळवाट नव्हती. म्हातारीने खुर्चीची पाठ धरली आणि कार्डाकडेच बघत बोलली.

"जा, असं लिहिलंय. त्या नोकरीवर. पोरीला मी बघते. वेणी नीट घालता येत नाही मला, पण शिकेन. तुझ्या हातात कसब आहे, ते इथे वाया चाललंय."

एवढं गोड ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. सून पदराने डोळे पुसू लागली.

"पण आई, लेकराला टाकून गेली म्हणतील लोक."

"तू सांग, सासूने हाकललं," म्हातारी म्हणाली. "माझ्याबद्दल कुणालाही खरं वाटेल."