तिरप्या उन्हातल्या भेगा

पांढुर्ण्याच्या कापसाच्या जुन्या जिनिंगची दक्षिणेकडची भिंत मी कागदावर छापली, तेव्हा ती उभी होती.

छापण्याची रीत फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातली. अंड्याच्या पांढऱ्यात मीठ फेटून त्याचा कागदावर हात द्यायचा, वाळला की अंधाऱ्या खोलीत चांदीच्या क्षाराचा. मग मोठी निगेटिव्ह वर ठेवून काचेच्या चौकटीत उन्हाला लावायचा. चित्र डोळ्यांदेखत गडद होत जातं. बोटंही काळी पडतात. मंगळवारी आणि शनिवारी आमच्या घरात अंडं फुटत नाही. ते दोन दिवस काम बंद.

जिनिंग पाडू नये असा अर्ज करायचा, ही कल्पना माझ्या शाळासोबत्याची. पहिला छाप ढगाळ दिवशी घेतलेल्या फोटोचा होता. तो बघून म्हणाला, "अबे, भेगा काहून लपवून राहिला? साहेबाले दया आली पाहिजे ना."

मी सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा फोटो घेतले. एकेक भेग उठून आली.

"आता कसं," तो म्हणाला. "बुढी रडून राहिली असं वाटते."

शनिवारी तो ते सगळे छाप न्यायला आला. "जामसांवलीले चाललो. मारुतीच्या पायाशी ठेवतो, मंग ऑफिसात देतो."

"अंगठा नको लावू कोण्या छापाले," एवढंच मी बजावलं.

महिन्याभराने नगरपालिकेच्या कार्यालयात मी फाइल पाहिली. अर्ज इमारत पाडण्याचा होता, सही त्याची. माझे छाप ओळीने चिकटवलेले, प्रत्येकाखाली हिंदीत टंकलेलं : 'जर्जर भवन'. तिथे होणाऱ्या दुकानांतला एक गाळा त्याच्या मुलासाठी ठरला होता, हे तिथल्या बाबूने सांगितलं. बाबूला वाटलं, मला माहीत असेल.

वर्तमानपत्रात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंखाली ओळी लिहिल्या. ओळीशिवाय फोटो टेबलावरून पुढे जाऊ दिला नाही. या छापांच्या पाठीवर मात्र पेन्सिलीने फक्त तारीख आणि उन्हाची मिनिटं होती.

मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा सांगितला.

"खोटं काय लावलं मी?" तो म्हणाला. "भेगा तं तूच काढल्या."

मी चहा घेतला नाही.

भिंत दोन दिवसांत उतरली. माझ्याकडे तो पहिला, ढगाळ दिवसाचा छाप तेवढा आहे. त्यात एकही भेग दिसत नाही.