चार्ज घेणाऱ्याची सही

आमच्या घरातलं इंटरनेट रोज दुपारी दोनला जायचं. मागेपुढे नाही, दोन म्हणजे दोन. आणि आमचे हे ते रोज दुरुस्त करायचे.

ह्यांनी छत्तीस वर्षं शहराच्या पंपहाउसमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. कायम पहिली पाळी, सकाळी सहा ते दुपारी दोन. माणूस इतका शिस्तीचा की कपाचा कानसुद्धा उजवीकडेच हवा. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं नुसते खिडकीशी बसून होते. मग मुलीचं काम घरून सुरू झालं, राउटर आला, आणि ह्यांना एक उद्योग मिळाला.

मुलगी मागच्या खोलीतून कॉम्प्युटरवर मुलांना गणित शिकवते. तिचा मोठा तास दीड ते अडीच. तीन आठवडे तो रोज मध्येच तुटत होता. मोबाइलवर भागवावं तर मागच्या खोलीत रेंज नाही, आणि पुढच्या खोलीत बाबांचा गोंधळ. शनिवारी तिच्या क्लासच्या मुख्य बाईंनी स्पष्ट सांगितलं, सोमवारपासून एकदा जरी तास तुटला तरी दुसरी शिक्षिका बघू.

"आई, हे काम गेलं तर मी काय करू गं?" एवढंच म्हणाली. मी पोळ्या लाटत राहिले. माझं हल्ली असंच झालंय, आतून काही हलतच नाही.

ह्यांचा मात्र नुसता उत्साह. राउटरवरचा दिवा लाल झाला रे झाला की, "सरका सगळे!" प्लग काढायचा, तीसपर्यंत मोठ्याने मोजायचं, परत लावायचा. टाचणीने मागचं भोक दाबायचं. राउटर फ्रिजजवळून कपाटावर गेला, कपाटावरून दाराशी आला. काडीचा फरक नाही. शेवटी घरातल्या बोळात जायचे. बाहेरची लाइन जिथे घरात येते तिथे एक पांढरा डबा आहे, त्याचं बटण खटखट करायचे, की दिवा हिरवा.

"आलं बघ! अगं, अख्ख्या शहराला पाणी पाजलंय मी, हे काय घेऊन बसलीस!"

मग वहीत नोंद. वेळ, स्थिती, शेरा, सगळे रकाने पट्टीने आखलेले, पंपहाउसच्या रजिस्टरसारखे.

त्याच शनिवारी कंपनीचा माणूस तिसऱ्यांदा आला. पन्नाशीतला, भारी बडबड्या. आधी राउटर बदलून झाला होता, वायर बदलून झाली होती. ह्या वेळी त्याने मला बोळात गाठलं आणि आवाज खाली आणला. "काकू, लाइनमध्ये दोष नाही. रोज दोनला ह्या डब्याची वीजच जाते, आम्हाला तिकडे दिसतं. घरातलंच कोणीतरी बटण बंद करतंय."

"आमच्या घरात भुतं नाहीत," मी म्हटलं. माझं तोंड आधीपासूनच फटकळ.

तो गेल्यावर मी वही उघडली. ह्यांचंच टपोरं अक्षर. "१४:०० बंद केले." त्याच्या खाली, "१४:०५ लाइन गेली. कारण समजत नाही." पान उलटलं, पुन्हा तेच. तीन आठवडे तेच. मला रडू यायला हवं होतं. मी वही जागेवर ठेवली आणि भांडी घासायला घेतली.

रविवारी मुलीला सुट्टी होती म्हणून बरं. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली. दोनला हे उठले, बोळात गेले आणि पट्टी नखांनी ओरबाडायला लागले. "कोणी लावली ही? चार्ज घ्यायला कोणी आलेलं नाही, चालू पंप असाच सोडून जाऊ मी?" पट्टी निघाली, बटण बंद झालं. पाच मिनिटांनी मलाच विचारतात, "अगं, दिवा लाल कसा गं झाला?"

संध्याकाळी मी वही पुन्हा काढली. पंपहाउसचा नियम मला पाठ होता, आयुष्यभर तेच ऐकलंय. दोनचा माणूस आला, त्याने सही केली, की चालू पंप त्याच्या हवाली करून निघायचं. तो आलाच नाही, तर पंप बंद करूनच बाहेर पडायचं. वहीतला शेवटचा रकाना होता, "चार्ज घेणाऱ्याची सही". तो पहिल्या पानापासून कोरा होता.

सोमवारी दोनला पाच कमी असताना पेन घेऊन मी बोळात उभी राहिले. ह्या वयात काय ही नाटकं, असं वाटलं. मुलीला काही सांगितलं नव्हतं. तिचा तास सुरू झाला होता.

हे वही घेऊन आले. अनोळखी बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे माझ्याकडे बघितलं.

"आज पाळीला तुम्ही?"

"हो. चार्ज घ्यायला आले."

"नवीन दिसता. इथे सही करा."

अडतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी सही केली. वाकडीतिकडी आली.

"चालू ठेवून जातोय. लक्ष ठेवा, बाई." चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "जरा थांबून समजावलं असतं तुम्हाला. पण घरी बायको जेवायची थांबते. कितीदा सांगितलं, ऐकेल तर शपथ."

तेव्हा मात्र मला भरून आलं.

दार उघडून हे खाली उतरले. मागच्या खोलीत मुलगी शिकवतच होती. दिवा हिरवाच होता. चार मिनिटांनी बेल वाजली, मी दार उघडलं.

"अगं, जेवलीस का?"

आम्ही दोघं एक वाजताच जेवलो होतो.

"नाही," मी म्हटलं, "तुमचीच वाट बघत होते," आणि पुन्हा दोन ताटं घेतली.