बुंदी आणि उमरेडच्या मावशी

उमरेडच्या मावशींची बोटं जाड आणि आखूड होती, पण इतकी हलकी बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. त्यांच्या माहेरी हातमाग होता. मागावर एखादा धागा तुटला की तो शोधून जोडायचं काम लहानपणी त्यांच्याकडे असे. पुढे माग बंद पडला, मावशी शहरात येऊन सक्करदऱ्याला खोली घेऊन राहिल्या आणि धंतोलीत माझ्याकडे स्वयंपाकाला येऊ लागल्या. त्यांच्या पोळ्या माझ्यापेक्षा चांगल्या होत, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. हेवा वाटला तो त्या बोटांचा, आणि तोही तुमच्या बुंदीमुळे.

ईरा, नील, तुम्ही आईबाबांबरोबर परदेशी निघालात तेव्हा बुंदीला सोबत नेता येईना. वीतभर लांबीची पिवळी पाल, अंगभर काळे ठिपके. तुमच्या बाबांनी तिची काचेची पेटी माझ्या खोलीत आणून ठेवली आणि मी लगेच हो म्हटलं. मला पालींचं प्रेम आहे अशातला भाग नाही. पण बुंदी माझ्याकडे असली की तुमचा फोन रोज येईल, असं मला वाटलं होतं. तसा तो येऊ लागलाही.

मी इंग्रजीतली माहिती छापून घेतली आणि वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. एक दिवसाआड, संध्याकाळी सहा वाजता, कॅल्शियमची पूड लावलेल्या पाच अळ्या, चिमट्याने. बुंदी चिमटा पाहून तोंड फिरवायची. मावशींनी दोनदा हे पाहिलं. तिसऱ्या वेळी त्या हात धुऊन आल्या, तळहातावर अळी घेतली आणि हात पेटीत ठेवून नुसत्या बसून राहिल्या. "तुम्ही घड्याळ पाहून देता बाई," त्या म्हणाल्या. "तिले का ऑफिसात जायचं हाय?" दहाएक मिनिटांनी बुंदी चालत आली, त्यांच्या तळहातावर पुढचे दोन पाय ठेवले आणि अळी खाल्ली.

तेव्हापासून सगळं त्यांच्याकडे गेलं. अळ्यांच्या डब्यात गव्हाचा कोंडा आणि गाजराची चकती घालणं, पाणी बदलणं, उन्हाळ्यात पेटी कूलरच्या खोलीत हलवणं. माझ्याशी मावशी कामापुरतं बोलत. बुंदीशी मात्र बहिणीशी बोलावं तसं चाले. "काहून रुसली वं? काल त चांगली खाऊन राहिली होती." मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसे आणि एकही ओळ वाचत नसे.

मे महिन्यात बुंदीने कात टाकली. हवा इतकी कोरडी की बोटांवरची कात सुटेना. ती तशीच राहिली तर बोटं झडतात, हे मी वाचलं होतं, पण करावं काय हे मला सुचत नव्हतं. मावशी चष्मा लावून खिडकीशी बसल्या. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस एकेका बोटाला लावून त्यांनी कात अशी सोडवली की बुंदीने डोळे मिटून घेतले. वीस बोटं, तासभर काम. तेवढ्यात गॅसवरचं वरण करपलं आणि त्यावरून मी त्यांना नको तितकं बोलले. राग वरणाचा नव्हता.

त्याच संध्याकाळी ईरा फोनवर म्हणाली, "आजी, मावशीला दे ना फोन." मी दिला. वीस मिनिटं तुम्ही दोघं त्यांच्याशी हसत होतात आणि मी स्वयंपाकघरात भांडी जागच्या जागी लावत होते. दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं की यापुढे बुंदीचं मी बघेन, तुम्ही स्वयंपाक तेवढा करा. त्यांनी पदराला हात पुसले आणि "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही. जाता-येता दारातून एकदा बघत, इतकंच. बुंदी माझ्याकडून पाचातल्या दोन अळ्या खाई, कधी एक.

दिवाळीनंतर मावशींची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मावशींना कायमचं उमरेडला जावं लागलं. शेवटच्या दिवशी त्या पेटीपुढे वाकल्या आणि काचेबाहेरूनच म्हणाल्या, "जाते वं." मग मला म्हणाल्या, "शेपटीवर ध्यान ठेवा बाई. शेपटी बारीक झाली की समजा, उपाशी हाय."

त्या गेल्यावर बुंदीने खाणं सोडलं. मी चिमटा बाजूला टाकला, तळहात पेटीत ठेवून तास तास बसले. ती पेटीत लपायला ठेवलेल्या कौलाखालून बाहेर आली नाही. विसाव्या दिवशी तिची शेपटी पेन्सिलीसारखी दिसू लागली, तेव्हा मी एक लहान पेटी विकत आणली, तिच्यात बुंदीला ठेवलं, अळ्यांचा डबा घेतला आणि टॅक्सीने उमरेड गाठलं. मावशी आईची वेणी घालत होत्या. त्यांनी ती अर्धवट सोडली. हात धुतले, अळी घेतली, तळहात पुढे केला. खरं सांगते, बुंदी त्यांच्याकडेही जाऊ नये असं मला वाटत होतं. ती गेली. एकामागून एक चार अळ्या खाल्ल्या. मी तिला तिथेच ठेवून परत आले.

गेला दीड महिना तुमचा फोन आला की मी मोठी पेटी लांबून दाखवते आणि बुंदी कौलाखाली झोपली आहे असं सांगते. कौलाखाली कुणी नाही. बुंदी उमरेडला आहे हे कळलं तर तुमचे फोनही उमरेडला जातील, अशी मला भीती वाटली.

परवा मावशींचा फोन आला. "लेकरायले खरं सांगून टाका बाई," त्या म्हणाल्या. "शेपटी कशी जाडी झाली तिची. मी कोणाले दाखवू?"

फोन ठेवला आणि मी हे लिहायला बसले. मावशींचा नंबर बाबांकडे आहे. त्या कामातून मोकळ्या होतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. बुंदी त्यांच्या तळहातावर चढताना जरूर बघा, बघण्यासारखं असतं ते. फक्त एक करा. आधी मला फोन करा, मग त्यांना.