बरणीतली शेवाय

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी पिंप्राळ्याला मावशीकडे राहून जळगावच्या कॉलेजात जायचे. मावशीला सगळेच अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. तिचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे तिच्या अहिराणीत ‘ळ’ला थारा नव्हता, त्याचा ‘य’ व्हायचा. माझा विषय शेवाळ. तिने गल्लीभर सांगून ठेवलं की पोरगी कॉलेजात ‘शेवाय’ शिकते. चार दिवसांत समोरच्या काकू शेवयांना रवा कोणता घेतेस ते विचारायला आल्या. एवढं शिकून शेवया! मला हसू आलं आणि रागही आला.

खरं काम असं होतं: बरण्यांतल्या पाण्यात पाऱ्याचा क्षार चिमूट-चिमूट घालायचा, त्यात शेवाळ सोडायचं आणि बघत राहायचं. पाणी दिसायला निवळशंखच, पण पारा त्यातून शेवाळात जमत जायचा. पाण्यात असेल त्याच्या कितीतरी पट शेवाळात. मग हिरवा रंग उतरायचा, वाढ थांबायची. या सगळ्याला लागणारं निरोगी शेवाळ एका मोठ्या बरणीत होतं, त्याला आम्ही बियाणं म्हणायचो. दिवाळीत कॉलेज बंद, म्हणून ती बरणी मी घरी आणून खिडकीत ठेवली. बियाणं गेलं तर माझं वर्ष गेलं, इतकं ते सरळ होतं.

भाऊबीज झाली आणि बघते तर बियाणं पिवळं पडलेलं. मी आधी उन्हाला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, मग शेजारच्या पोरांच्या फटाक्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी बरणी हलवली तर तळाशी दोन पारद टिकड्या, म्हणजे पाऱ्याच्याच. गव्हाला कीड लागू नये म्हणून आमच्याकडे कोठीत टाकतात, त्याच. मी तिथेच बसून रडायला लागले.

अक्का धावत आली. “तुन्या शेवायमा किडा पडना व्हतात, म्हनीसन दोन टिकड्या टाकी दिन्यात,” ती म्हणाली. शाबासकी मिळेल असाच तिचा चेहरा होता. डासांच्या अळ्या होत्या त्या, आणि त्याही मेल्या होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मी डोळे पुसले आणि तिला सगळं समजावून सांगितलं: पारा शेवाळात, शेवाळ खाणाऱ्या किड्यात, किडे खाणाऱ्या माशात कसा साठत जातो. ऐकता ऐकता ती कोठीकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला एस.टी.त बसवून सावद्याला नेलं. तिथल्या एका लांबच्या मामांच्या केळीच्या मळ्यातल्या हौदातूनच मी पहिल्यांदा शेवाळ आणलं होतं. मी मूठभर मागितलं, अक्काने कोपरापर्यंत हात घालून घमेलंभर काढलं. परतताना कंडक्टरने मांडीवरच्या घमेल्यात काय आहे ते विचारलं. “शेवाय शे,” अक्का म्हणाली. त्याने वाकून बघितलं आणि पुढच्या सीटचं तिकीट फाडायला गेला. मी भुसावळ येईपर्यंत हसत होते. बियाणं पुन्हा तरारलं आणि मीही.

पुढच्या रविवारी गच्चीवर गेले तर चादरीवर सगळे गहू पसरलेले. अक्का त्यातून टिकड्या वेचत होती. कोठीत आता निंबाचा पाला घालणार होती. वेचलेल्या टिकड्या घेऊन ती नालीत टाकायला खाली उतरली आणि तशीच परत आली.

“नाली नदीले जास,” ती म्हणाली. “तठे बी शेवाय शे.”

पुरचुंडी बांधून तिने ती माझ्या पिशवीत घातली, कॉलेजातल्या कुलपात ठेवायला. मला तिचा इतका अभिमान वाटला की पायऱ्यांवरच मी तिला मिठी मारली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, पारा असलेलं पाणी नदीत सोडलं तर वाहूनच जाईल ना, मग बिघडलं कुठे? पाठ केलेलं सगळं मी विसरले.

“तठे बी शेवाय शे,” मी म्हणाले.

परीक्षक धुळ्याचे निघाले. त्यांना अर्थ सांगावा लागला नाही.