काळेवाडीच्या वाटेवरचा थांबा

आमच्या बस खात्यात तो नवा साहेब मुंबईहून आला, त्या दिवसापासून मला तो कधी आवडला नाही. मी तेव्हा पुणे-चिंचवड बसवर कंडक्टर होतो. रस्त्याकडेला कुणी हात केला की गाडी थांबायची आणि भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या मागून चढायच्या. साहेबाला तो गावठीपणा वाटला.

"मुंबईत लोक थांब्याच्या खांबापाशी रांग लावतात. इथंही लावतील," तो म्हणाला.

त्यानं खांब रोवले ते नव्या कारखान्यांच्या फाटकांसमोर. काळेवाडीची माणसं नदी ओलांडून ज्या वाटेनं हमरस्त्याला यायची, तिथं खांब नाही. मी तसं सांगायला गेलो, तर म्हणाला, "तुला विचारलंय कुणी?"

तिथं रोज एक म्हातारी दूधवाली उभी असायची. पुण्यातल्या घरांना रतीब घालायची. मला मास्तर म्हणायची, मी तिला मावशी. खांब सोडून कुठंही गाडी थांबवायची नाही, हा नवा नियम लागू झाला त्या सकाळी तिनं हात केला. मी डबल घंटी दिली. गाडी तिच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेली. नोकरी जाईल या भीतीनं मी मागं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. साहेब त्या दिवशी तपासणीला गाडीतच होता. तो दारात येऊन ओरडला, "ए बाई, रांगेत उभी राहा!"

"कुठली रांग? मी येकलीच हाय न्हवं?" म्हणत तिनं किटली उघडली आणि कालचं नासलेलं दूध पायरीवर ओतलं. साहेबाचे बूट भिजले. मग ती माझ्याकडं वळली. "मास्तर, त्यो परका हाय. तू तर मला वळखत व्हतास."

साहेबानं तिच्याविरुद्ध रिपोर्ट लिहायला सांगितलं. मी नाही म्हणालो. पंधरा दिवसांत माझी बदली डेपोत, जुनी तिकिटं फाडून पोत्यात भरायच्या कामावर झाली.

पावसाळ्यानंतर साहेब मुंबईला परत गेला आणि त्या वाटेवर खांब आला. मीही पुन्हा गाडीवर आलो. मावशी तिथं उभी दिसायची, पण माझी गाडी थांबली की तोंड फिरवून मागच्या गाडीची वाट बघायची. एकदा मी खाली उतरून म्हणालो, "मावशी, चढा की."

"न्हाई," ती म्हणाली. एवढंच.

त्या साहेबाला मी आजही शिव्या देतो. पण घंटीची दोरी माझ्याच हातात होती.